मोजणीचे यंत्र आणि संगणक यांचे जुळत नाही तेव्हा: नवख्यांसाठी क्रमवार तपासणी

रत्नागिरीतील मासळीच्या शीतगृहात, खाडीकाठच्या कोळंबी तलावावर, वेंगुर्ल्याकडच्या काजू कारखान्यातील ड्रायरपाशी किंवा दापोली-चिपळूणच्या एखाद्या महाविद्यालयीन प्रयोगशाळेत तापमान, आर्द्रता, दाब आणि पाण्यातला प्राणवायू या गोष्टी आता वहीऐवजी संगणकावर आपोआप नोंदवल्या जाऊ लागल्या आहेत. ही यंत्रणा बसवणारा माणूस बहुधा पुण्या-मुंबईहून येतो, सर्व काही चालू करून दाखवतो आणि संध्याकाळच्या गाडीने परत जातो. पुढे संगणक बदलला, विंडोजची नवी आवृत्ती आली किंवा एखादा सेन्सर नवा घेतला, की पडद्यावर ‘डिव्हाइस नॉट फाउंड’ असा संदेश येतो, आणि तो निस्तरण्याचे काम जागेवरच्या नव्या तंत्रज्ञावर, प्रयोगशाळा सहायकावर किंवा प्रकल्प करणाऱ्या विद्यार्थ्यावर येऊन पडते. हा लेख त्यांच्यासाठी आहे.

सेन्सर, त्याचा विद्युत संकेत, डॅक कार्ड (संकेताचे आकड्यांत रूपांतर करून संगणकाला देणारे कार्ड) किंवा लॉगर (ठरावीक वेळाने आकडे टिपणारे यंत्र), केबल आणि पोर्ट, ड्रायव्हर (संगणकाला त्या यंत्राशी बोलता यावे यासाठीचे सॉफ्टवेअर), प्रोग्रॅम आणि शेवटी फाइल, अशी ही साखळी आहे. ‘जुळत नाही’ ही तक्रार यांपैकी कोणत्या तरी दोन कड्यांच्या मधली असते. काही बिघाड स्वतःहून बोलतात, म्हणजे संदेश देतात आणि काम थांबवतात. काही मात्र गप्प बसतात. आकडे येत राहतात, आलेख सुरेख दिसतो आणि नोंद चुकीची होत राहते. पहिल्या प्रकाराला लोक घाबरतात, पण नुकसान दुसऱ्यामुळे होते, आणि म्हणून या लेखाचा अधिक भाग त्याच्यासाठी ठेवला आहे.

पहिली पायरी: हात लावण्यापूर्वी लिहून ठेवणे

ड्रायव्हर काढून पुन्हा टाकणे हा बहुतेकांचा पहिला उपाय असतो, आणि तो पहिला नसावा, कारण त्यामुळे आधीची स्थिती पुसली जाते. त्याआधी एका कागदावर यंत्राचे पूर्ण मॉडेल नाव, त्यावरील फर्मवेअरची (यंत्राच्या आतच बसवलेल्या प्रोग्रॅमची) आवृत्ती, विंडोजची आवृत्ती, ती ३२ बिट आहे की ६४ बिट, ड्रायव्हरची आवृत्ती, प्रोग्रॅमची आवृत्ती आणि संदेशाचा शब्दशः मजकूर लिहून घ्यावा. पडद्याचा मोबाइलवर फोटो काढला तरी चालतो, मात्र त्यात संदेशातील क्रमांक वाचता आला पाहिजे. शेवटचे व्यवस्थित कधी चालले होते आणि त्यानंतर काय बदलले, हे तिथल्या माणसांना विचारावे. ‘काहीच बदललं नाही’ असे उत्तर हमखास मिळते. अशा वेळी विंडोजच्या अपडेट हिस्टरीतील तारखा पाहाव्यात; रात्री लाइट गेली होती का, कोणी साफसफाई करताना केबल दुसऱ्या पोर्टला लावली का, हेही विचारावे.

त्यानंतर एकच नियम पाळावा: एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि बदललेली प्रत्येक गोष्ट लिहावी. केबल, पोर्ट आणि ड्रायव्हर एकदम बदलून यंत्रणा चालू झाली, तर दोष कशात होता हे कधीच कळत नाही आणि पुढच्या वेळी सगळे पुन्हा करावे लागते.

दुसरी पायरी: संगणकाला यंत्र दिसते का

यंत्र जोडून डिव्हाइस मॅनेजर, म्हणजे जोडलेल्या यंत्रांची विंडोजमधील यादी, उघडावा. केबल काढल्यावर यादीतून एखादी ओळ जाते आणि लावल्यावर परत येते का, हे पाहावे. ओळच येत नसेल, तर सॉफ्टवेअरकडे वळण्यात अर्थ नाही. दोष केबल, पोर्ट, वीज किंवा यंत्र यांतच आहे. मोबाइलच्या चार्जरबरोबर आलेल्या कित्येक केबलींमध्ये फक्त विजेच्या तारा असतात, डेटाच्या नसतात. यंत्रावरचा दिवा लागतो, त्यामुळे केबल ठीक आहे असा समज होतो आणि अर्धा दिवस त्यात जातो.

कोकण किनाऱ्यावर याच ठिकाणी आणखी एक कारण तपासावे लागते, आणि ते परदेशी कंपन्यांच्या पुस्तिकांत क्वचितच ठळकपणे दिलेले असते. खाऱ्या हवेमुळे कनेक्टरच्या पितळी-तांब्याच्या भागांवर हिरवट थर चढतो. भिंग घेऊन उजेडात पाहिले तर यूएसबीच्या सोनेरी पट्ट्यांवर बारीक काळे-हिरवे ठिपके दिसतात. असा जोड कधी लागतो, कधी सुटतो, आणि लक्षण अगदी ड्रायव्हर बिघडल्यासारखे दिसते: यंत्र दिसते, नाहीसे होते, पुन्हा दिसते. वीज बंद करून, आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाने जोड पुसून, पूर्ण वाळू देऊन मग पुन्हा तपासावे. जून ते सप्टेंबर या काळात बंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या ठेवाव्यात, रंग बदलला की त्या बदलाव्यात, आणि केबल डब्यात खालच्या बाजूने ग्लँडमधून (केबलभोवती घट्ट बसणाऱ्या बुचातून) आत घ्यावी, म्हणजे पागोळीचे पाणी तारेवरून ओघळत आत शिरणार नाही.

यूएसबी २ च्या पोर्टमधून ५०० मिलिअँपिअरपर्यंत आणि यूएसबी ३ च्या पोर्टमधून ९०० मिलिअँपिअरपर्यंत प्रवाह मिळतो. तीन-चार यंत्रे एकाच स्वस्त हबवर, वेगळ्या अडॅप्टरशिवाय लावली, तर सगळी सुरुवातीला दिसतात आणि मोजणी सुरू होताच त्यांतले एखादे गळते. यूएसबी २ ची केबल ५ मीटरपेक्षा लांब असू नये. तलावापासून ऑफिसपर्यंत यूएसबी एक्स्टेन्शन जोडत नेणे हा उपाय नव्हे. तेवढ्या अंतरासाठी आरएस-४८५ ही तारांची जोडणी आहे, जी १२०० मीटरपर्यंत जाऊ शकते.

यंत्र दिवसा चालत असेल आणि रात्री नोंद थांबत असेल, तर विंडोजच्या पॉवर ऑप्शन्समध्ये यूएसबी सिलेक्टिव्ह सस्पेंड (वीज वाचवण्यासाठी यूएसबी यंत्राला झोपवणारी सोय) बंद करावे आणि संगणक स्लीपमध्ये जाणार नाही असे पाहावे.

तिसरी पायरी: ड्रायव्हर

यादीत ओळ आली पण तिच्यावर पिवळे चिन्ह असेल, तर त्या ओळीच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन कोड क्रमांक वाचावा. कोड २८ म्हणजे ड्रायव्हर बसवलेलाच नाही. कोड १० म्हणजे यंत्र सुरू होऊ शकले नाही. कोड ४३ म्हणजे यंत्राने स्वतःच अडचण कळवल्यामुळे विंडोजने ते थांबवले आहे; येथे केबल आणि वीज पुन्हा तपासावी. कोड ५२ म्हणजे ड्रायव्हरची डिजिटल स्वाक्षरी पडताळता आलेली नाही, आणि यंत्राबरोबर आलेली जुनी सीडी वापरली की हा कोड अनेकदा दिसतो. ६४ बिट विंडोज स्वाक्षरी नसलेले कर्नल ड्रायव्हर (विंडोजच्या गाभ्यात चालणारे) स्वीकारत नाही. विंडोज ११ तर ३२ बिट स्वरूपात उपलब्धच नाही, त्यामुळे केवळ ३२ बिट ड्रायव्हर असलेले जुने कार्ड त्यावर चालणार नाही. विंडोज ११ मधील ‘मेमरी इंटिग्रिटी’ ही सुरक्षा सोयही काही जुने ड्रायव्हर अडवते. ती बंद करण्याचा सल्ला सहज मिळतो. माझ्या मते उत्पादकाकडे नवा ड्रायव्हर आहे का हे पाहण्याआधी तिला हात लावू नये.

यंत्राचे खरे नाव ओळखण्यासाठी प्रॉपर्टीजमधील हार्डवेअर आयडी पाहावा. त्यातील उत्पादक क्रमांक ०४०३ असेल तर आतली चिप एफटीडीआय कंपनीची आहे, २३४१ असेल तर यंत्र अर्डुइनोचे (प्रयोगांसाठीच्या छोट्या सर्किट बोर्डांचे) आहे, आणि ३९२३ असेल तर नॅशनल इन्स्ट्रुमेंट्स कंपनीचे. खोक्यावर काहीही छापलेले असो, ड्रायव्हर या क्रमांकाप्रमाणे निवडावा. यूएसबी ते सिरिअल अडॅप्टरच्या बाबतीत हे फार उपयोगी पडते. प्रोलिफिक कंपनीच्या जुन्या चिपा किंवा त्यांच्या नकला असलेल्या अडॅप्टरना नवा ड्रायव्हर मुद्दाम नाकारतो आणि ‘ही चिप २०१२ पासून बंद आहे, पुरवठादाराशी संपर्क साधा’ अशा आशयाची ओळ यादीतच दाखवतो. तेथे झुंजत बसण्यापेक्षा चांगला अडॅप्टर विकत घेणे स्वस्त पडते.

लिनक्स वापरणाऱ्यांनी दोन गोष्टी पाहाव्यात. वापरकर्ता ‘डायलआउट’ गटात (सिरिअल पोर्ट वापरण्याची परवानगी असलेल्यांच्या) नसेल तर पोर्ट दिसतो, पण उघडत नाही. उबुंटू २२.०४ मध्ये ब्रेल पडद्यांसाठीची ‘बीआरएलटीटीवाय’ ही सेवा सीएच ३४० चिपचा अडॅप्टर आपल्या ताब्यात घेते आणि पोर्ट लगेच नाहीसा होतो. ब्रेल पडदा वापरात नसेल तर ती सेवा काढून टाकावी.

चौथी पायरी: प्रोग्रॅम आणि ड्रायव्हर यांचे नाते

डिव्हाइस मॅनेजरमध्ये सर्व ठीक असूनही प्रोग्रॅमला यंत्र सापडत नसेल, तर प्रथम उत्पादकाचा स्वतःचा तपासणी प्रोग्रॅम वापरावा. नॅशनल इन्स्ट्रुमेंट्सच्या कार्डांसाठी ‘मॅक्स’ आहे; त्यातील टेस्ट पॅनेलवर आकडे आले, तर कार्ड आणि ड्रायव्हर निर्दोष आहेत आणि शोध फक्त आपल्या प्रोग्रॅमपुरता उरतो. याच्या उलटही करता येते: मॅक्समध्ये खोटे, म्हणजे ‘सिम्युलेटेड’, कार्ड तयार करून प्रोग्रॅम त्यावर चालवून पाहावा. ही सोय पुष्कळांना ठाऊक नसते, आणि कार्ड दुरुस्तीला गेलेले असताना विद्यार्थ्यांचे काम तिच्यामुळे अडत नाही.

३२ बिट प्रोग्रॅम ६४ बिट डीएलएल (प्रोग्रॅम यंत्राशी बोलण्यासाठी वापरतो ती साहाय्यक फाइल) थेट उघडू शकत नाही, आणि ६४ बिट प्रोग्रॅम ३२ बिट डीएलएल उघडू शकत नाही. पायथॉन ही प्रोग्रॅमिंगची भाषा वापरणाऱ्यांना हा अनुभव लवकर येतो, कारण जुन्या लॉगरबरोबर ३२ बिट डीएलएल मिळते आणि संगणकावर पायथॉन ६४ बिट असते. अशा वेळी त्याच संगणकावर ३२ बिट पायथॉन वेगळे बसवणे हा सरळ उपाय आहे. लॅबव्ह्यू या नॅशनल इन्स्ट्रुमेंट्सच्या प्रोग्रॅम तयार करण्याच्या साधनात नव्या आवृत्तीत जतन केलेली फाइल जुन्या आवृत्तीत उघडत नाही. ती नव्या आवृत्तीतूनच ‘जुन्या आवृत्तीसाठी जतन करा’ असे करून द्यावी लागते. लॅबव्ह्यूवर तयार केलेल्या स्वतंत्र प्रोग्रॅमला त्याला जुळणारे रन-टाइम इंजिन, म्हणजे तो चालवणारे सॉफ्टवेअर, लागते, केवळ प्रोग्रॅमची फाइल पेन ड्राइव्हवरून नेऊन भागत नाही. ‘ट्रॅडिशनल एनआय-डॅक’ या जुन्या ड्रायव्हरसाठी लिहिलेला प्रोग्रॅम ‘डॅकएमएक्स’ या नव्या ड्रायव्हरवर आपोआप चालत नाही, तो भाग नव्याने लिहावा लागतो.

सिरिअल पोर्टच्या बाबतीत कारणे साधी असतात. एक पोर्ट एका वेळी एकाच प्रोग्रॅमला उघडता येतो, म्हणून अर्डुइनोचा सिरिअल मॉनिटर उघडा राहिला असेल तर दुसऱ्या प्रोग्रॅमला ‘ॲक्सेस डिनाइड’ मिळते. अडॅप्टर दुसऱ्या यूएसबी पोर्टला लावला की त्याला नवा कॉम क्रमांक (विंडोजने सिरिअल पोर्टला दिलेला क्रमांक) मिळू शकतो आणि प्रोग्रॅम जुनाच क्रमांक शोधत बसतो. पोर्टवर रंगीत चिकटपट्टी लावून ठेवली तर हा त्रास उद्भवत नाही.

पाचवी पायरी: लॉगरशी बोलणे

कोळंबी तलावावरचे किंवा शीतगृहातले बहुतेक स्वस्त सेन्सर आरएस-४८५ वर मॉडबस आरटीयू पद्धतीने बोलतात. मॉडबस ही यंत्रांनी एकमेकांना आकडे पाठवण्याची १९७९ पासूनची पद्धत आहे; ती साधी आहे, पण पुस्तिका लिहिणाऱ्यांनी तिचे अर्थ आपापल्या परीने लावले आहेत.

उत्तरच येत नसेल तर प्रथम बॉड रेट (पाठवण्याचा वेग), पॅरिटी (चूक ओळखण्याचा बिट) आणि स्टॉप बिट (शेवट दाखवणारा बिट) दोन्ही बाजूंना तंतोतंत सारखे आहेत का ते पाहावे. नंतर सेन्सरचा पत्ता पाहावा, जो १ ते २४७ यांच्या दरम्यान असतो. नव्याने विकत घेतलेले दोन सेन्सर बहुधा एकाच पत्त्यावर येतात आणि एका तारेवर लावताच दोघांचीही उत्तरे एकमेकांत मिसळतात. ए आणि बी या तारांची नावे सर्व उत्पादक सारख्या अर्थाने वापरत नाहीत, म्हणून त्या एकदा उलटसुलट करून पाहाव्यात. त्याने काही जळत नाही. लांब तारेच्या दोन टोकांना, आणि फक्त टोकांनाच, १२० ओहमचा रोध असावा.

उत्तर येते पण आकडा भलताच असतो, तेव्हा गप्प बसलेला बिघाड सुरू झालेला असतो. पुस्तिकेत रजिस्टर (सेन्सरमधला आकडा ठेवण्याचा कप्पा) ४०००१ लिहिलेले असेल, तर प्रोग्रॅममध्ये बहुधा ० द्यावे लागते. तेथे १ दिला तर शेजारच्या रजिस्टरचा आकडा मिळतो, आणि तो आर्द्रतेचा असूनही तापमान म्हणून खपून जातो.

शीतगृहाचे उदाहरण घेऊ. आत उणे १८.० अंश आहे आणि सेन्सर तापमान दहापट करून पूर्णांकात पाठवतो, म्हणजे उणे १८०. सोळा बिटांच्या रजिस्टरमध्ये हे ६५३५६ असे साठवले जाते. प्रोग्रॅमने ते चिन्हरहित म्हणून, म्हणजे उणे असू शकते हे न मानता, वाचले तर पडद्यावर ६५३५.६ अंश दिसते. ही चूक लगेच ओरडते, म्हणून ती बरी. पण हाच सेन्सर कार्यालयात, २८ अंशांवर तपासून पाहिला असेल तर तो अगदी बरोबर वाचतो, आणि दोष थंड खोलीत लावल्यावरच कळतो. म्हणून बर्फ आणि मीठ यांच्या मिश्रणात, म्हणजे शून्याखाली, एकदा तपासणी केल्याशिवाय शीतगृहाचा सेन्सर बसवू नये.

दशांश संख्या दोन रजिस्टरांत येते तेव्हा शब्दांचा, म्हणजे सोळा बिटांच्या दोन तुकड्यांचा, क्रम महत्त्वाचा ठरतो. तलावाच्या पाण्याचे तापमान २८.५ अंश असेल, तर दोन रजिस्टरांत १६८६८ आणि ० हे आकडे येतात. प्रोग्रॅमने त्यांचा क्रम उलटा धरला तर उत्तर जवळजवळ शून्य येते. सेन्सर मेला असे समजून तो परत पाठवण्यापूर्वी कच्ची रजिस्टरे पाहावीत. पहिले शून्य नसेल तर सेन्सर जिवंत आहे आणि प्रोग्रॅममध्ये फक्त क्रम बदलायचा आहे.

पायथॉनमधील पायमॉडबस या लायब्ररीत आवृत्ती ३ पासून फंक्शनची काही नावे आणि त्यांना द्यायचे शब्द बदलले आहेत. जुने उदाहरण उतरवून घेतले आणि ते चालले नाही, तर तारा सोडण्याआधी आवृत्ती पाहावी.

सहावी पायरी: संकेत आणि कार्ड यांचे प्रमाण

काजूच्या ड्रायरमध्ये के प्रकारचे थर्मोकपल (दोन धातूंच्या तारांचा तापमान मोजणारा जोड) लावले आणि त्याच्या तारा थेट साध्या डॅक कार्डाला जोडल्या, तर ड्रायव्हर तक्रार करणार नाही, प्रोग्रॅमही करणार नाही. पण गणित करून पाहावे. के थर्मोकपल दर अंशाला सुमारे ४१ मायक्रोव्होल्ट देते. १२ बिटांच्या कार्डावर उणे १० ते अधिक १० व्होल्ट ही मर्यादा ठेवली, तर २० व्होल्टचे ४०९६ भाग होतात आणि एक भाग सुमारे ४.९ मिलिव्होल्ट म्हणजे जवळजवळ १२० अंशांचा होतो. असे कार्ड ड्रायर पेटला आहे की विझला आहे एवढेच कसेबसे सांगेल. येथे थर्मोकपलसाठीचे वेगळे मॉड्यूल किंवा ट्रान्समीटरच (सेन्सरचा क्षीण संकेत ठरावीक प्रमाणात वाढवून पाठवणारे उपकरण) हवा. सॉफ्टवेअर बदलून हा प्रश्न सुटणार नाही.

४ ते २० मिलिअँपिअरचा ट्रान्समीटर २५० ओहमच्या रोधावर १ ते ५ व्होल्ट देतो. मल्टिमीटरवर १ व्होल्ट दिसले तर मोजलेली गोष्ट किमान पातळीवर आहे; ० दिसले तर तार तुटली आहे किंवा ट्रान्समीटरला वीज नाही. कार्डाच्या आकड्यावर विसंबण्यापूर्वी त्याच टर्मिनलवर मल्टिमीटर लावून दोन्ही आकडे शेजारी शेजारी लिहावेत. ते जुळत नसतील तर प्रोग्रॅममधील चॅनेल ‘डिफरन्शिअल’ (दोन तारांतला फरक मोजणारे) आहे की ‘सिंगल एंडेड’ (एक तार सामाईक ग्राउंडच्या तुलनेत मोजणारे), आणि तारा त्याप्रमाणे जोडल्या आहेत का, हे पाहावे. न जोडलेल्या चॅनेलवर शेजारच्या चॅनेलसारखा आकडा तरंगताना दिसतो. त्याला संकेत समजू नये.

सातवी पायरी: वेळ आणि फाइल

लॉगरचे घड्याळ जागतिक वेळेवर असेल आणि संगणकाचे भारतीय वेळेवर, तर दोन नोंदींत साडेपाच तासांचा फरक पडतो. हे ओळखण्याची खूण निसर्गच देतो. तलावातील प्राणवायू सूर्योदयाच्या सुमारास सर्वांत कमी असतो, कारण रात्रभर श्वसन चालू असते आणि प्रकाशसंश्लेषण बंद असते. आलेखात हा तळ रोज रात्री बारा-साडेबाराला दिसत असेल, तर प्राणवायूला दोष न देता घड्याळ पाहावे. खाडीच्या पातळीची नोंद असेल तर भरतीची वेळ तिथल्या भरती-ओहोटीच्या तक्त्याशी ताडून पाहावी.

एक्सेलमध्ये फाइल उघडताना संगणकाचा प्रदेश अमेरिका ठेवलेला असेल, तर ०३/०७ म्हणजे ३ जुलै ही तारीख ७ मार्च होते. १३ तारखेपासून पुढच्या तारखा एक्सेलला समजत नाहीत आणि त्या मजकूर म्हणून रकान्याच्या डाव्या कडेला चिकटतात. रकान्यात काही तारखा उजवीकडे आणि काही डावीकडे दिसल्या, की कारण हेच असते. लॉगरमध्ये वर्ष-महिना-दिवस हा क्रम ठेवावा.

आठवी पायरी: चालू यंत्रणा बदलताना

विंडोज १० चा सर्वसाधारण आधार (सपोर्ट) १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला, त्यामुळे अनेक ठिकाणी मोजणीचे संगणक बदलण्याचा आग्रह होतो आहे. जुने कार्ड चालत असेल आणि त्याचा नवा ड्रायव्हर मिळत नसेल, तर तो संगणक इंटरनेटपासून वेगळा ठेवून त्याच कामापुरता वापरणे हा मार्ग वाईट नाही. मात्र त्याच्या डिस्कची पूर्ण प्रत काढून ठेवावी आणि ती प्रत दुसऱ्या डिस्कवर खरोखर सुरू होते का, हे एकदा पाहावे.

नवी यंत्रणा घेतली तर जुनी लगेच काढू नये. मुंबईत विजेच्या ट्राम येणार म्हणून कुलाब्याच्या चुंबकीय वेधशाळेचे काम अलिबागला हलवण्यात आले, तेव्हा १९०४ ते १९०६ या काळात दोन्ही ठिकाणी समांतर नोंदी घेण्यात आल्या, म्हणूनच जुनी आणि नवी मालिका एकमेकींना जोडता आली. शीतगृहाला दोन वर्षे नकोत, पण भरलेली आणि रिकामी खोली, दार उघडण्याचे तास आणि एखादी लाइट गेलेली रात्र एवढे तरी दोन्ही यंत्रांनी एकत्र पाहिलेले असावे. दोन्ही आकड्यांतील फरक सतत सारखा असेल तर तो कॅलिब्रेशनचा, म्हणजे आकडा प्रमाणाशी जुळवण्याचा, प्रश्न आहे. फरक तापमानाबरोबर वाढत-घटत असेल तर मर्यादा किंवा गुणक चुकला आहे. आणि फरक मधूनच उसळत असेल तर अर्थिंग आणि जोड तपासावेत.

एवढे करूनही सुटले नाही, तर पुरवठादाराला ‘चालत नाही’ एवढेच कळवू नये. पहिल्या पायरीतला कागद, हार्डवेअर आयडी, कोड क्रमांक, उत्पादकाच्या तपासणी प्रोग्रॅमचा निकाल, कच्ची रजिस्टरे आणि त्याच क्षणी मल्टिमीटरने दाखवलेला आकडा एका ईमेलमध्ये पाठवावा. समोरचा माणूस मग ‘संगणक बंद करून पुन्हा चालू करा’ यापासून सुरुवात करत नाही.